विसावा आणि विवेक : प्रस्तावना

१

ताण कसा घालवावा हे सांगणाऱ्या पुस्तकांची मराठीत आज वाण नाही. रेल्वे स्थानकावरील पुस्तकांच्या गाड्यापासून सार्वजनिक वाचनालयाच्या कपाटापर्यंत ती सर्वत्र आढळतात, आणि त्यांतील बहुतेकांचा उपदेश दोन वाक्यांत सामावतो : मनात चांगले विचार आणा, आणि निसर्गाच्या सान्निध्यात जा. उपदेश वाईट नाही. किंबहुना तो इतका निर्विवाद वाटतो की, तो का खरा आहे, कितपत खरा आहे आणि कोणाच्या बाबतीत खरा ठरत नाही, ही चौकशी करण्याची गरजच सहसा कोणास भासत नाही. परिणाम असा होतो की, विवंचनेने रात्र रात्र जागणारा मनुष्य हे दोन्ही उपाय करून पाहतो, थोड्याच दिवसांत कंटाळतो, आणि आपल्याला साधे प्रसन्न राहणेही जमत नाही या नव्या दुःखाची मूळच्या दुःखात भर घालून बसतो. ती राहून गेलेली चौकशी करण्याचा प्रयत्न प्रस्तुत ग्रंथात केलेला आहे; आणि तिच्यातून निघणारा निष्कर्ष प्रारंभीच सांगून टाकणे इष्ट, कारण पुढील सर्व विवेचनाचा रोख त्याकडेच आहे.

हा निष्कर्ष असा की, सद्विचार आणि निसर्गसहवास हे दोन स्वतंत्र उपाय मानण्यात आपली गफलत होते. दोहोंचा संबंध मनुष्याच्या अवधानाशी आहे. शिणलेल्या अवधानाला स्वतःच्या विचारांची उलटतपासणी घेता येत नाही. भीती जे सांगेल ते त्याला निमूटपणे मान्य करावे लागते. टेकडी, रान, नदीकाठ, फार काय अंगणातले एखादे झाड, यांच्या सहवासात त्या अवधानाला विसावा मिळतो, आणि विसावा मिळाल्यावर आपल्या मनात उठणारा विचार वस्तुस्थितीला धरून आहे की नाही हे तपासण्याची शक्ती त्याला परत येते. म्हणून आधी विसावा आणि मग विवेक, हा क्रम महत्त्वाचा. तो उलटा केला की, सद्विचाराचा उपदेश हा थकलेल्या माणसावर लादलेला आणखी एक बोजा ठरतो.

२

चिंता मनुष्याइतकीच जुनी असली, तरी तिचा शरीराशी असलेला व्यवहार मोजून मापून पाहण्याचे काम विसाव्या शतकातच मार्गी लागले. हार्वर्ड विद्यापीठातील शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन हे क्ष-किरणांच्या साहाय्याने मांजरांच्या जठराची हालचाल पाहत असता त्यांना असे आढळले की, प्राणी भ्याला अथवा चिडला की पचनाचे काम जागच्या जागी थांबते. त्या निरीक्षणाचा माग काढीत त्यांनी १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात, संकट समोर उभे राहताच शरीर लढण्याची वा पळण्याची सिद्धता कशी करते, याचा तपशील मांडला. अधिवृक्क ग्रंथींतून ॲड्रेनलिन रक्तात उतरते, हृदयाचे ठोके वाढतात, रक्त स्नायूंकडे धाव घेते, आणि पचनासारखी ज्यांची तातडी नाही अशी सर्व कामे तहकूब होतात. पुढे १९३६ साली, माँट्रियल येथील मॅकगिल विद्यापीठात काम करणाऱ्या हान्स सेल्ये यांनी ‘नेचर’ या नियतकालिकात एक आटोपशीर टिपण छापले. उंदरांना थंडीत ठेवा, इजा करा, अतिश्रम करायला लावा अथवा विषारी द्रव्य टोचा. कारण कोणतेही असले तरी त्यांच्या शरीरात अधिवृक्क ग्रंथी वाढतात, थायमस ग्रंथी आक्रसते आणि जठरात व्रण पडतात, असा त्यांचा अनुभव होता. आधी धोक्याची सूचना, मग प्रतिकार आणि शेवटी शक्तिक्षय, अशा तीन अवस्थांचा त्यांनी मांडलेला सिद्धांत हा या विषयाचा पाया समजला जातो.

संकट टळले की ही सिद्धता मोडावी, अशी शरीराची मूळ रचना. परंतु कर्जाचा हप्ता, वरिष्ठांची मर्जी, मुलाची प्रवेशपरीक्षा, भाऊबंदकीचा दावा ही संकटे वाघासारखी येऊन निघून जात नाहीत. तारखेमागून तारीख पडत राहते, आणि काही घटकांपुरती केलेली तयारी वर्षानुवर्षे चालू राहून ज्याच्या रक्षणासाठी ती योजलेली असते त्या देहालाच पोखरते. निद्रानाश, वाढता रक्तदाब, पोटाच्या तक्रारी, सदैव धुमसणारा राग, ही तिचीच लक्षणे होत.

कॅनन आणि सेल्ये यांच्या विवेचनात मनाला म्हणावे तितके स्थान नव्हते. ते स्थान कॅलिफोर्नियातील रिचर्ड लॅझरस यांनी मिळवून दिले. १९६० च्या दशकात त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रेक्षकांना पाहताना अंगावर शहारे यावेत असा एक चित्रपट दाखवला. चित्रे तीच, मात्र सोबतचे निवेदन वेगवेगळे. यातनांवर भर देणारे निवेदन ऐकणाऱ्यांच्या अंगाला घाम सुटला, तर तटस्थपणे माहिती देणारे निवेदन ऐकणाऱ्यांची शरीरे तुलनेने शांत राहिली. प्रसंग आणि त्याचा देहावर होणारा परिणाम यांच्यामध्ये मनुष्याने त्या प्रसंगाला दिलेला अर्थ उभा असतो, ही गोष्ट त्यामुळे प्रयोगाने दाखवता आली. सद्विचाराच्या सर्व संप्रदायांना शास्त्राच्या दरबारात प्रवेश मिळाला तो याच दाराने.

३

हे संप्रदाय मात्र त्या प्रयोगाहून कितीतरी प्राचीन आहेत. पतंजलींच्या योगसूत्रांत, चित्ताला विपरीत विचारांनी ग्रासले असता त्यांच्या विरुद्ध भावनेचा अभ्यास करावा, या अर्थाचा प्रतिपक्षभावनेचा उपाय सांगितला आहे. आणि चित्त प्रसन्न राहावे म्हणून सुखी जनांविषयी मैत्री, दुःखितांविषयी करुणा, पुण्यशीलांविषयी मुदिता आणि पापप्रवृत्तांविषयी उपेक्षा, अशा चार वृत्ती जोपासण्यास सांगितले आहे. यातील चौथी वृत्ती विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. वाईटाला चांगले म्हणा असे तेथे सांगितलेले नाही; वाईटाची दखल घेऊनही त्याला आपल्या चित्ताचा ताबा देऊ नका, एवढेच सांगितले आहे. समर्थ रामदासांनी तर दोनशे पाच श्लोक खुद्द मनालाच उद्देशून रचले, आणि कधी आर्जवाने, कधी दरडावून त्याच्याशी जो संवाद केला, त्याचे पठण महाराष्ट्राच्या घराघरांतून पिढ्यान् पिढ्या चालत आले. स्वतःच्या विचारांशी बोलता येते, त्यांना जाब विचारता येतो, ही कल्पना मराठी माणसाला परकी नाही. पाश्चात्त्य जगात हाच विचार स्टोइक तत्त्वज्ञांनी, त्यातही पूर्वायुष्यात गुलामगिरी भोगलेल्या एपिक्टेटस यांनी, अत्यंत परखडपणे मांडला.

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत या विचाराला निराळेच वळण लागले. मेन प्रांतातील घड्याळजी फिनिअस क्विंबी यांच्यापासून मनोबळाने रोग बरे करण्याचा जो पंथ निघाला, त्याच्या अनुयायांची संख्या इतकी वाढली की, विल्यम जेम्स यांना १९०२ सालच्या आपल्या धर्मानुभवविषयक ग्रंथात त्याची सविस्तर दखल घ्यावी लागली. फ्रान्समधील नान्सी येथे एमिल कुए या औषधविक्रेत्याने, आपली प्रकृती दिवसेंदिवस सुधारत असल्याचे वाक्य रोज पुटपुटण्याचा परिपाठ रुग्णांना घालून दिला आणि १९२० च्या सुमारास त्याचा बोलबाला अटलांटिक ओलांडून गेला. न्यूयॉर्कचे धर्मोपदेशक नॉर्मन व्हिन्सेंट पील यांचे १९५२ सालचे पुस्तक ही या परंपरेची सर्वांत लोकप्रिय निष्पत्ती. आज आपल्याकडे ‘सकारात्मक विचार’ या नावाने जे काही खपते, त्यातील बराच ऐवज तेथून आलेला आहे.

या परंपरेच्या समांतर, पण स्वभावाने अगदी भिन्न असा दुसरा प्रवाह १९५५ पासून वाहू लागला. न्यूयॉर्कचे अल्बर्ट एलिस यांनी एपिक्टेटसचे ऋण मान्य करून विवेकनिष्ठ मानसोपचाराची पद्धती मांडली, आणि पुढील दशकात फिलाडेल्फियाचे ॲरन बेक हे खिन्नतेच्या रुग्णांचा अभ्यास करता करता तशाच निष्कर्षापर्यंत स्वतंत्रपणे येऊन पोहोचले. या पद्धतीत रुग्णाला आनंदी विचार शिकवले जात नाहीत. त्याच्या दुःखद विचारांचा पुरावा मागितला जातो. ‘परीक्षेत नापास झालो तर माझे आयुष्य संपले’ असे म्हणणाऱ्या मुलाला ‘तू नक्की पास होशील’ असा दिलासा देणे ही पीलप्रणीत रीत. तर नापास झालास तर वर्ष वाया जाईल, चारचौघांत मान खाली जाईल, फार वाईट वाटेल, पण आयुष्य संपेल हे कशावरून, असे विचारणे ही एलिस यांची रीत. पहिल्या रीतीतला दिलासा निकालाच्या दिवशी खोटा ठरण्याचा संभव असतो. दुसऱ्या रीतीने मिळालेले बळ निकाल कोणताही लागला तरी हाताशी राहते. मराठीभाषकांचे भाग्य असे की, मुंबईत कि. मो. फडके यांनी एलिस यांच्याशी दीर्घकाळ संपर्क ठेवून या पद्धतीचे अध्यापन केले, आणि ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली स्थापन केलेल्या मनोविकासाच्या संस्थेद्वारा तसेच आपल्या विपुल लेखनाद्वारा ती सामान्य कुटुंबांच्या बोलण्यात आणून सोडली.

तिसरा प्रवाह मार्टिन सेलिगमन यांचा. १९६७ साली प्रसिद्ध झालेल्या कुत्र्यांवरील प्रयोगांत त्यांना असे दिसले होते की, टाळता न येणारे विजेचे झटके सोसलेला प्राणी पुढे ते टाळण्याची संधी मिळाली तरी हातपाय हलवीत नाही. लाचारी अशी अंगवळणी पडत असेल, तर आशावादही अंगवळणी पाडता येईल, या दिशेने त्यांचा विचार पुढे सरकला आणि १९९८ साली अमेरिकन मानसशास्त्र संघटनेच्या अध्यक्षपदावरून त्यांनी, या शास्त्राने विकृतीइतकाच सामर्थ्याचाही अभ्यास करावा, असे आवाहन केले.

या सर्व प्रवाहांवर घेतले गेलेले आक्षेपही वाचकापुढे ठेवणे हे प्रस्तावनाकाराचे कर्तव्य आहे. कॅनडातील जोआन वूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली दाखवून दिले की, ज्यांना स्वतःविषयी मुळातच कमीपणा वाटतो, त्यांना स्वतःच्या स्तुतीची वाक्ये घोकायला लावली असता त्यांची मनःस्थिती सुधारण्याऐवजी खालावते. कारण प्रत्येक उच्चाराबरोबर मन आतून त्याचा प्रतिवाद करीत असते. गाब्रिएले ओटिंगेन यांच्या संशोधनात, यशाची नुसती रम्य चित्रे रंगवणाऱ्यांकडून प्रत्यक्ष प्रयत्न कमी होतो असे आढळले. यशाचे चित्र आणि वाटेतील अडचण ही दोन्ही एकत्र डोळ्यांपुढे ठेवणाऱ्यांना अधिक लाभ होतो. बार्बरा एरनराइक यांनी तर स्वतःच्या कर्करोगाच्या अनुभवातून, रुग्णावर प्रसन्नतेची सक्ती करणाऱ्या समाजावरच टीकेचा आसूड ओढला. या तिन्ही आक्षेपांचे तात्पर्य एकच : सद्विचाराला सत्याचा आधार लागतो, आणि ज्याला तो आधार नाही तो विचार कितीही गोड असला तरी संकटाच्या पहिल्या झुळकीलाच कोसळतो.

४

निसर्गसहवासाचा इतिहास याहून गुंतागुंतीचा आहे, कारण त्यात धर्म, राज्यकारभार, वैद्यक आणि मानसशास्त्र या चारही खात्यांच्या नोंदी मिसळलेल्या आहेत. आपल्याकडील आरण्यके, वानप्रस्थाची कल्पना, भाजे-कार्ले-कान्हेरी येथील डोंगरांत कोरलेली बौद्ध लेणी, आणि गावाच्या सीमेवर कुऱ्हाडीपासून राखलेल्या देवराया, या सर्वांतून एकांतस्थळाविषयीचा आदर दिसतो. ज्ञानेश्वरांनी सहाव्या अध्यायात योगाभ्यासाच्या जागेचे जे वर्णन केले आहे, ते या दृष्टीने मुद्दाम पाहण्यासारखे आहे. मूळ गीतेत शुद्ध स्थळ एवढाच उल्लेख असता, त्यांनी तेथे छाया, निर्मळ पाणी, मंद वारा आणि पक्ष्यांची तुरळक चाहूल यांनी युक्त असे स्थान उभे केले. आणि त्याची थोरवी सांगताना, नास्तिकालाही तेथे आस्था वाटेल आणि विलासी राजालाही राज्य सोडून तेथेच बसून राहावेसे वाटेल, असे सुचविले. स्थळ मनावर आपणहून कार्य करते, त्यासाठी पाहणाऱ्याची श्रद्धा आधी लागत नाही, हे सातशेहून अधिक वर्षांपूर्वीचे निरीक्षण आजच्या प्रयोगशाळेतील मांडणीच्या आश्चर्यकारक जवळ जाते.

तुकोबांचे उदाहरण तर आमच्या विषयाच्या गाभ्याचे आहे. १६३० च्या सुमारास पडलेल्या भीषण दुष्काळात त्यांची एक पत्नी अन्नावाचून गेली, मुलगा गेला, व्यापार बुडाला, दिवाळे निघून गावात अप्रतिष्ठा झाली. अशा वेळी देहूजवळच्या भामचंद्र आणि भंडारा या डोंगरांचा त्यांनी आश्रय केला, तेथे पूर्वीच्या संतांच्या वचनांचे पाठांतर आणि मनन केले, आणि परंपरा असे सांगते की, परतल्यावर आपल्या वाट्याची कर्जखते त्यांनी इंद्रायणीत बुडवून टाकली. डोंगरावरील एकांत, तेथे केलेले चिंतन आणि त्यानंतर प्रत्यक्ष व्यवहारात घेतलेला निर्णय, या तीन पायऱ्यांचा क्रम येथे स्पष्ट दिसतो. आणि आपल्यावर आलेली आपत्ती प्रत्यक्षात आपत्तीच नव्हती, अशी समजूत त्यांनी कोठेही करून घेतल्याचे दिसत नाही.

इंग्रजी अमलात निसर्गसहवासाला सरकारी मान्यता मिळाली ती हवापालटाच्या रूपाने. मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत, १८२८ च्या सुमारास, महाबळेश्वर येथे आजारी गोऱ्या अंमलदारांसाठी आरोग्यस्थान वसवण्यात आले. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी १८५० साली माथेरानचा डोंगर हेरला. आणि पुढे तर उन्हाळा लागला की सरकारी दप्तर महाबळेश्वरी हलू लागले. क्षयावर रामबाण औषध सापडण्यापूर्वी डॉ. बिलिमोरिया यांच्या पाचगणीच्या आरोग्यधामासारख्या संस्थांचा सर्व भर स्वच्छ हवा आणि विश्रांती यांवरच होता. गांधीजींनी लुई कुन्हे आणि अडॉल्फ युस्ट या जर्मन निसर्गोपचारकांचे ग्रंथ वाचून आपला निसर्गोपचाराचा विचार बांधला आणि मार्च १९४६ मध्ये पुणे जिल्ह्यातील उरुळी कांचन येथे, गोरगरिबांना परवडेल अशा उपचाराचे केंद्र सुरू करून त्याची धुरा मणिभाई देसाई यांच्यावर सोपवली. त्यापूर्वीच, १९२४ साली, लोणावळ्याच्या निसर्गरम्य परिसरात स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम स्थापून योगक्रियांची शास्त्रीय मोजणी आरंभली होती. महाबळेश्वरचा विसावा मूठभरांचा होता. उरुळीने तो खेड्याच्या पायरीशी आणला, हा फरक लहान नाही.

आधुनिक मानसशास्त्रातील या विषयावरचा एक ठळक अभ्यास प्रसिद्ध झाला तो १९८४ साली. अमेरिकेतील रॉजर उलरिच यांनी पेन्सिल्वेनिया संस्थानातील एका रुग्णालयाच्या १९७२ ते १९८१ या काळातील कागदपत्रांतून, पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या २३ जोड्या निवडल्या. जोडीतील एकाच्या खिडकीतून झाडे दिसत, दुसऱ्याच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडे पाहणारे रुग्ण सरासरीने सुमारे पाऊण दिवस आधी घरी गेले आणि तीव्र वेदनाशामक औषधांची त्यांना कमी गरज पडली. अभ्यास लहान होता. परंतु वास्तुरचनाकारांपासून डॉक्टरांपर्यंत सर्वांना विचार करायला लावण्याइतका नेमका होता.

असे का व्हावे, याविषयी दोन मते प्रचलित आहेत. मनुष्याची जडणघडण लक्षावधी वर्षे रानावनांत झाल्यामुळे सजीव सृष्टीची ओढ त्याच्या रक्तातच आहे आणि तिच्या सहवासात शरीर आपोआप सैलावते, असे एका पक्षाचे म्हणणे. एडवर्ड विल्सन यांचा १९८४ सालचा ग्रंथ या विचाराचा ध्वजवाहक, आणि उलरिच यांची भूमिकाही त्याच्या जवळची. दुसरा पक्ष मिशिगन विद्यापीठातील रेचेल आणि स्टीफन कॅप्लन या दांपत्याचा. त्यांच्या मते आपण एखाद्या कामावर हेतुपूर्वक लक्ष लावतो तेव्हा इतर प्रलोभने दडपण्यासाठी मनाला सतत श्रम करावे लागतात, आणि ही शक्ती मर्यादित असल्यामुळे ती थकते. मग चिडचिड, विसराळूपणा आणि निर्णयातील घिसाडघाई सुरू होते. हलणारी पाने, ढगांची सावली, वाहते पाणी ही लक्ष वेधून घेतात, पण हुकूम करीत नाहीत. आणि दुपारी औत सोडलेला बैल जसा बांधावरच्या झाडाखाली उभ्या उभ्या ताजातवाना होतो, तशी ती थकलेली शक्ती तेवढ्या अवकाशात भरून येते. २००८ साली त्याच विद्यापीठातील एका प्रयोगात वनोद्यानात फिरून आलेल्यांना उलट्या क्रमाने आकडे म्हणण्याची परीक्षा, गजबजलेल्या रस्त्यावरून फिरून आलेल्यांपेक्षा, अधिक चांगली देता आली. आणि ऐन हिवाळ्याच्या कडाक्यात ज्यांना तो फेरफटका सुखाचा वाटला नाही, त्यांनाही हा लाभ झाला. आनंद झाला नाही तरी विसावा मिळतो, ही यातील खरी मोलाची गोष्ट; कारण दुःखाने ग्रासलेल्या माणसाला रानात जाऊन आनंद झालाच पाहिजे या सक्तीतून ती मुक्त करते.

जपानात १९८२ साली तेथील वनखात्याने ‘शिनरिन-योकू’, म्हणजे अरण्यस्नान, या नावाने लोकांना जंगलात फिरण्याचे आवाहन केले. पुढे डॉ. छिंग ली आणि योशिफुमी मियाझाकी यांच्यासारख्या संशोधकांनी रक्तदाब, कॉर्टिसॉल, रोगप्रतिकारक पेशी यांच्या मोजण्या करून त्या आवाहनाला पुराव्याची जोड दिली. यांपैकी अनेक अभ्यास थोड्याथोडक्या व्यक्तींवरील असल्याने त्यांचे निष्कर्ष सावधपणे घेतले पाहिजेत. इंग्लंडमधील सुमारे २०,००० व्यक्तींच्या माहितीवर आधारलेल्या २०१९ सालच्या एका पाहणीत, आठवड्यातून किमान १२० मिनिटे निसर्गात घालवणाऱ्यांनी आपले आरोग्य आणि समाधान अधिक चांगले असल्याचे सांगितले. ती दोन तासांची मुदत एका दमात भरली की तुकड्यातुकड्यांनी, याने फरक पडला नाही. तथापि निरोगी मनुष्य अधिक हिंडतो की हिंडल्याने मनुष्य निरोगी होतो, याचा निवाडा अशा पाहणीतून होत नाही, हेही तितकेच खरे.

५

दोन्ही प्रवाह जेथे मिळतात ते स्थळ आता वाचकाच्या ध्यानी आले असेल. ताणाने पछाडलेल्या मनाचे मुख्य लक्षण म्हणजे एकच विचार घोळवीत राहणे. २०१५ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांना असे आढळले की, नव्वद मिनिटे हिरवळीतून चालून आलेल्यांमध्ये हे घोळवणे कमी झाले आणि मेंदूच्या ज्या भागाचा त्याच्याशी संबंध जोडला जातो तेथील हालचालही मंदावली. वाहत्या रस्त्याच्या कडेने तेवढेच चाललेल्यांमध्ये तसे घडले नाही. घोळणे थांबले म्हणजे विचार सुधारला असे नव्हे. परंतु तो क्षणभर हातावेगळा झाला, आणि हातावेगळ्या झालेल्या वस्तूकडेच नीट पाहता येते. एलिस आणि बेक यांची उलटतपासणी त्या क्षणी सुरू व्हावी, त्याआधी नव्हे.

परंतु या उपायाच्या मर्यादा झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. पहिली मर्यादा अशी की, निसर्ग सर्वांनाच विसावा देत नाही. मृग कोरडा गेलेल्या कोरडवाहू शेतकऱ्याला आभाळाकडे पाहून शांत वाटावे, अशी अपेक्षा करणे ही क्रूर थट्टा होय. ज्याचे पोट निसर्गावर अवलंबून आहे, त्याचा ताण निसर्गातूनच उगवतो, आणि त्याच्या दुःखाला पीकविमा, वाजवी भाव आणि कर्जाची तजवीज यांचाच उतारा लागतो. दुसरी अशी की, टेकडीवर जाण्यासाठी वेळ, सुरक्षितता आणि पायांत बळ लागते. पहाटेपासून रात्रीपर्यंत जिचे लक्ष चूल, मूल आणि आजारी माणूस यांत विभागलेले असते, तिचे अवधान सर्वांत थकलेले असूनही तिला संध्याकाळी एकटीने फिरायला जाण्याची मुभा क्वचितच असते. तिसरी मर्यादा वैद्यकीय. तीव्र खिन्नता, जीव नकोसा वाटणे, भास होणे या अवस्थांत फेरफटका हा उपचाराला पूरक असतो. त्याची जागा घेऊ शकत नाही. अशा वेळी मनोविकारतज्ज्ञाकडे जाण्यास विलंब करू नये. शासनाच्या ‘टेली-मानस’ योजनेचा १४४१६ हा दूरध्वनी क्रमांक त्यासाठीच आहे. आणि चौथी मर्यादा न्यायाची : कामाचे अमर्याद तास, थकलेला पगार, वरिष्ठांची दडपशाही यांनी निर्माण झालेल्या ताणाचा दोष कर्मचाऱ्याच्या विचारसरणीवर ढकलून त्याला प्रसन्नतेचे धडे देणारी कचेरी ही त्याच्यावर दुहेरी अन्याय करते.

६

असे असूनही हा विषय आज अगत्याने मांडावासा वाटतो, याला कारण आहे. खिशातील दूरध्वनीमुळे कचेरी घरात आली, घर कचेरीत गेले, आणि अवधानाला जी आपोआप मिळणारी फुरसत होती, म्हणजे गाडीची वाट पाहण्याची, रांगेत उभे राहण्याची, गच्चीवर नुसते पडून राहण्याची, तीही नाहीशी झाली. त्याच वेळी मोकळ्या जागाही आक्रसत आहेत. मुंबईसारख्या महानगराच्या कुशीत सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान टिकून आहे हे नवल खरे. पण २०१९ साली आरे वसाहतीतील झाडांवरून पेटलेला वाद आणि पुण्याच्या वेताळ टेकडीसाठी नागरिकांनी उभारलेला लढा, हे या शहरांतील माणसाला आता प्रत्येक झाडासाठी भांडावे लागते याचेच द्योतक होत. त्या आंदोलनांकडे केवळ पर्यावरणाचा प्रश्न म्हणून पाहिले जाते. या ग्रंथाची भूमिका अशी की, तो मनःस्वास्थ्याचाही प्रश्न आहे, आणि नगरपालिकेच्या अंदाजपत्रकात उद्यानाची नोंद सुशोभनाच्या सदराखाली न होता आरोग्याच्या सदराखाली झाली पाहिजे.

मराठी साहित्याने या विषयाची पूर्वतयारी कधीच करून ठेवलेली आहे. दुर्गाबाई भागवतांचे ‘ऋतुचक्र’, व्यंकटेश माडगूळकरांचे रानातील लेखन, गोनीदांची दुर्गभ्रमणे, मारुती चितमपल्लींची अरण्यविद्या यांनी वाचकाला पाहायला शिकवले. आणि पाहता येणे ही विसाव्याची पहिली अट आहे, कारण पळस आणि पांगारा यांतला भेद ज्याला कळतो त्याचे लक्ष फुलोऱ्यावर जितके रेंगाळते, तितके ते न कळणाऱ्याचे रेंगाळत नाही. दुसरीकडे, विवेकनिष्ठ विचारपद्धतीवरचे मराठी लेखनही आता पुष्कळ झाले आहे. मात्र हे दोन कप्पे एकमेकांपासून दूर राहिले : निसर्गप्रेमी मानसशास्त्राकडे वळला नाही, आणि समुपदेशक आपल्या खोलीबाहेर पडला नाही. या दोहोंची भेट घडवून आणणे हा प्रस्तुत ग्रंथाचा उद्योग होय.

त्या उद्योगात काही पथ्ये पाळली आहेत. प्रयोगांचे निष्कर्ष सांगताना त्यांचा आवाका आणि उणिवा सांगितल्याविना पुढे जायचे नाही. हिमालयाची वर्णने करून चाळीतल्या वाचकाला खिजवायचे नाही, तर गल्लीतले पिंपळाचे झाड, सार्वजनिक बाग आणि खिडकीतील कुंडी यांच्यापर्यंत विषय आणून पोहोचवायचा. दुःखाला भ्रम म्हणायचे नाही. आणि कोणत्याही प्रकरणात अमुक दिवसांत गुण येण्याची हमी द्यायची नाही. येथे सांगितलेले अभ्यास साधे आहेत, परंतु त्यांना सातत्य लागते, आणि ते एकट्याने करण्यापेक्षा घरातील किंवा शेजारातील कोणाच्या सोबतीने केले तर अधिक टिकतात. ज्यांना शास्त्रीय चर्चेत रस नाही, त्यांनी ती खुशाल ओलांडून थेट अभ्यासांकडे जावे. ज्यांना अभ्यास बाळबोध वाटतील, त्यांनी त्यामागील युक्तिवाद तपासून पाहावा आणि पटला नाही तर सोडून द्यावा, कारण तपासल्याशिवाय कोणताही विचार मानू नये हाच तर या ग्रंथाचा उपदेश आहे.

शेवटी अपेक्षेविषयी दोन शब्द. निवळलेले मन हे येथे साध्य मानलेले नाही. ते हाती आलेले साधन आहे. त्याच्या बळावर कोणी सावकाराशी हिशेब मांडील, कोणी वरिष्ठांना प्रथमच ठाम नकार देईल, कोणी वर्षानुवर्षे टाळलेली डॉक्टरांची भेट घेईल, आणि कोणी चार शेजाऱ्यांच्या सह्या गोळा करून वॉर्ड कचेरीत बागेसाठी अर्ज देईल. यांपैकी काय करायचे हे ज्याचे त्यानेच ठरवायचे आहे. ते ठरवण्याइतके स्वास्थ्य वाचकाला लाभले, म्हणजे या ग्रंथाने आपले काम केले असे समजण्यास हरकत नाही.